ऐकलंत का?

कान तपासणाऱ्या मुलीनं काचेपलीकडून हात हलवला, तेव्हा आत बसलेल्या बाईला वाटलं की डाव्या कानाचं अजून सुरूच व्हायचं आहे. कपाटाएवढ्या त्या खोलीत, कानांवर जड हेडफोन आणि हातात बटण घेऊन ती पाठ ताठ करून बसली होती. उजव्या कानात बारीक बारीक आवाज येत गेले होते आणि वर्गातल्या हुशार मुलीसारखी ती प्रत्येक आवाजाला बटण दाबून हजेरी देत होती. मग डावीकडे काही आवाज आले, जाडसर, खालचे, आणि यायचे थांबले. यंत्र जुळवत असतील, असं म्हणून ती भिंतीवरच्या भोकाभोकांच्या फोमकडे बघत राहिली. अशा खोलीत एखादा अल्बम सलग ऐकायला मिळाला तर काय बहार येईल, हेही तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात जाड दार उघडलं.

"झालं, काकू. या बाहेर."

"डावा राहिला ना?"

"डावाही झाला की."

ती कामाला होती त्या लॅबमधल्या अकराही जणांची तपासणी त्याच आठवड्यात चालली होती. कुठल्याशा नव्या नियमामुळे मालकांना ती करून घेणं भाग होतं आणि सगळ्यांनी ती चेष्टेवारी नेली होती. मुलीनं टेबलावरून कागद सरकवला. त्यावर दोन रेघा होत्या. उजव्या कानाची जवळजवळ सपाट. डाव्याची अर्ध्या वाटेपर्यंत पहिलीच्या जोडीनं चाललेली आणि मग पायरी चुकल्यासारखी खाली गेलेली. "चार हजारांच्या पुढे डावीकडे उतार आहे," मुलगी म्हणाली. "म्हणजे बारीक, उंच आवाज. कामावर तुमच्या डाव्या हाताला काही मोठं वाजतं का?" वाजत होता, धूळ ओढणारा पाइप, सव्वीस वर्षं. "बोलणं सगळं ऐकू येईल तुम्हाला. पुष्कळांना तर हे कळतही नाही." तिनं विचारलं, "आणि गाणी?" मुलीनं पहिल्यांदाच कागदावरून मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. "गाण्यातलं बहुतेक त्याच्या खालीच असतं, काकू," ती म्हणाली.

रस्त्यावर आली ती हा 'बहुतेक' बरोबर घेऊनच. सिग्नलपाशी एक मोटार थांबलेली होती, तिच्या उघड्या काचेतून गाणं येत होतं, आणि इतर कुठल्याही दिवशी तिनं चार मात्रांत ओळखलं असतं की हे कुणाचं, कितव्या अल्बममधलं, आणि याच्यापेक्षा त्याच अल्बमच्या शेवटी असलेलं गाणं कसं सरस आहे. आज ती फक्त डावा कान मोटारीकडे करून उभी राहिली, मग उजवा केला, मग पुन्हा डावा. मोटारीतल्या माणसानं काच वर केली. तिच्याजवळ मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. रूप बेताचं, शिक्षण बेताचं, गळा तर असा की वर्गात प्रार्थनेच्या वेळी बाई म्हणायच्या, तू नुसते ओठ हलव. पण कान होता. तिच्या मावशीचं कॅसेटचं दुकान होतं आणि दुकानाच्या दारात न खपलेल्या कॅसेटांचा एक खोका असायचा. एका नव्या कॅसेटच्या किमतीत त्यातल्या सहा यायच्या. अकराव्या वर्षी तिला खोकाच परवडत होता, म्हणून ती खोक्यातलं ऐकू लागली. त्यात आवडीचा काही भाग नव्हता. पण ऐकता ऐकता तिला कळलं की न खपलेलं आणि वाईट या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे तिच्या मावशीला, जिचा तो धंदा होता, तिलाही ठाऊक नव्हतं. "लोकांनी टाकलेलं काय गोळा करत बसतेस गं?" मावशी म्हणायची. "टाकलेलं कुठं, मावशी? कुणी ऐकलेलंच नाही," असं ती म्हणाली होती, आणि एवढ्याशा तोंडानं आपण काय बोलून गेलो याचा तिला स्वतःलाच अचंबा वाटला होता. तेव्हापासून जे गाजलं ते तिनं कधी शोधलं नाही, ते आपसूक कानावर पडतच असतं. नवं आलं आणि कुणी वळून पाहिलं नाही, असं काही दिसलं की मात्र ती आपली कामं टाकून धावत असे. बसकंडक्टरची नोकरी करून वर्षाला चार गाणी रचणारा, बायकी आवाजाचा एक माणूस. एकच अल्बम करून लग्नांमुळे फुटलेली तीन मैत्रिणींची टोळी. एका जाहिरातकंपनीत हिशेबनीस असलेला आणि प्रेमगीतं अशी गाणारा की जणू माफी मागतोय, असा एक. तिच्या लेखी ही सगळी मंडळी जवळच्या नातेवाइकांसारखी होती, ज्यांच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं तिला खपत नसे.

लॅबमध्ये ती दात करायची. दवाखान्यांतून माणसांच्या जबड्यांचे साचे येत, प्लास्टरवाला त्यांत प्लास्टर ओतून जबडे काढी, आणि मग चिनीमातीची बारीक पूड पाण्यात कालवून, ब्रशच्या टोकानं थरावर थर चढवून ती एकेक दात उभा करी, भट्टीत भाजी, घासून आकाराला आणी. शेजारच्या खऱ्या दाताचा पिवळेपणा, त्याच्या कडेची निळसर झाक, मध्येच असलेली एखादी केसासारखी चीर, सगळं तिनं त्यात आणलेलं असे, आणि एवढं करून चांगल्या दाताची खूण काय, तर तो कुणाला दिसू नये. तेवीस वर्षांपूर्वी तिनं पहिलं पान लिहिलं. एक अल्बम, एक पान, महिन्यातून एकदा. वर ठळक अक्षरांत नाव: 'ऐकलंत का?' हे नाव नवऱ्याच्या एका टोमण्यातून आलं होतं. "बाकीच्यांच्या बायका 'अहो, ऐकलंत का' म्हणून घरातलं काही सांगतात," तो म्हणाला होता, "आमची म्हणते आणि कुणाची तरी पोरकी गाणी लावते." पानाच्या साठ प्रती काढून ती तयार दातांच्या डब्यांबरोबर दवाखान्यांत पाठवी. मालकांनी परवानगी देताना एकच अट घातली होती, की दातांबद्दल वाईटसाईट काही लिहायचं नाही. तेव्हा गावातल्या निम्म्या दाढा या तिच्या पानांच्या साक्षीनं निघाल्या होत्या. वाट बघत बसलेली, गाल सुजलेली माणसं दुसरं काही वाचायला नाही म्हणून ते पान वाचत, आणि त्यांतला एखादा, महिन्यातून एखादाच, लॅबमध्ये फोन करून विचारी, "ते तुम्ही लिहिलंय ते मिळतं कुठं?" तो एक फोन तिला महिनाभर पुरायचा. आणि बसकंडक्टरचा अल्बम निघाल्यावर नऊ वर्षांनी एकाएकी गाजला, पेपरांत 'नवा शोध' म्हणून त्याचे फोटो आले, तेव्हा ती कुणाला काही बोलली नव्हती. फक्त प्लास्टरवाल्यापाशी जाऊन म्हणाली होती, "पान नंबर एकसष्ट." त्यानं काढून पाहिलं आणि हातातला जबडा खाली ठेवून तिला सलाम केला.

त्या दुपारी परत येऊन ती जागेवर बसली, तेव्हा टेबलावर हेडफोन होते, आणि त्या महिन्याच्या पानासाठी निवडलेला अल्बम सोळा वेळा ऐकून झालेला होता. 'पाणी तापेपर्यंत' असं त्याचं नाव होतं. दोन बहिणींनी मिळून केलेला. थोरली गाते, धाकटी बाकी सगळं वाजवते. नऊ गाणी. चार महिन्यांपूर्वी निघाला होता आणि त्याच्यावर कुणी अवाक्षर लिहिलेलं नव्हतं. तिनं हेडफोन उचलले आणि परत ठेवले. "काय म्हणाली कानवाली?" प्लास्टरवाल्यानं विचारलं. "मला म्हणाली, एकदम ठणठणीत. म्हटलं बाई, कागदावर लिहू नका, घरी मी बारा वर्षं बहिरा आहे. संसार त्याच्यावर चाललाय." ती हसली. "माझा डावा गेलाय थोडा," असं ती म्हणणार होती, पण शब्द ओठांपर्यंत येऊन थबकले. हा माणूस उद्या काही सांगायला आपल्या उजव्या बाजूला येऊन उभा राहील, चांगुलपणानं राहील, आणि तेच आपल्याला सोसवणार नाही, असं तिला वाटलं. तिनं पाइप सुरू केला. इतकी वर्षं तो वाजतो हेसुद्धा तिच्या लक्षात आलं नव्हतं. आता तो वाजू लागला तो थेट तिच्या मानेत.

घरी आल्यावर तिनं पानांची फाइल काढली. दोनशे ऐंशी पानं. सुरुवातीची वाचताना तिला हसू आलं, किती भांडलो आहोत आपण प्रत्येक ओळीत. मग ती पुढं पुढं येऊ लागली आणि हसणं थांबलं. पहिल्या पानांत 'धारदार' होतं, 'लखलखीत' होतं, 'काचेसारखं' होतं, एका ठिकाणी 'सुईनं टोचल्यासारखं गोड' असं होतं. गेल्या चार-पाच वर्षांत हे शब्द एकेक करून कुठं तरी गेले होते. त्यांच्या जागी 'मऊ' आला होता. मऊ आवाज, मऊ वादन, मऊ उजेडासारखं गाणं. तिनं पेन्सिल घेतली आणि प्रत्येक 'मऊ'खाली रेघ ओढत बसली. आपली आवड पिकत चालली आहे, असं तिला या वर्षांत वाटत आलं होतं आणि त्याचा थोडा तोराही होता. तरुणपणी माणसाला टोकं आवडतात, वय झाल्यावर गोलाई कळते, असं एका पानात तिनं छापूनही टाकलं होतं. गोलाई कसली. टोकं कुणीतरी काढून नेली होती आणि ती उरलेल्याचं कौतुक करत होती. ज्या अल्बमांना तिनं उचलून धरलं ते तसे होतेच का? आणि ज्यांना तिनं बाजूला सारलं, निर्जीव म्हणून, त्यांच्यात जीव त्या चार हजारांच्या पुढेच तर नव्हता ना? दुर्लक्षितांची वकिली करणारी बाई, आणि तिच्याच कानानं कुणाकुणाकडे दुर्लक्ष केलं, याची यादी कुणी करायची?

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. वय ऐंशीच्या पुढचं, दोन्ही कानांची यंत्रं ड्रॉवरमध्ये, आणि ती तिथंच बरी, असं त्यांचं ठाम मत. "पेपर तपासतेस का काय?" त्यांनी विचारलं. तिनं कागद पुढे केला, तो रेघांचा, आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडून सांगितलं. सासूबाईंनी कागद उलटा धरून पाहिला, मग सुलटा धरला.

"बरं, मग?"

"मग काय, आई. मला ऐकू येत नाही सगळं."

"कमी ऐकू आलं म्हणून कुणी मेलं नाही. उलट लग्नं टिकली." त्या तिच्या शेजारी पलंगावर टेकल्या. "एक सांगू? मला यंत्र लावलं ना, तर सगळं ऐकू येतं. नळ, पंखा, खालच्यांची मोटरसायकल. आणि माणसाचं बोलणं त्यात शोधावं लागतं. काढून ठेवलं की तेवढं माणूस राहतं."

हे सांत्वन होतं की तक्रार, ते तिला कळलं नाही, पण तिनं पेन्सिल खाली ठेवली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यानं तिचा एकही अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला नव्हता, आणि "आज कुणाला दत्तक घेतलंस?" हे विचारणं त्यानं एक दिवसही सोडलं नव्हतं. रविवारी सकाळी तो हातावर साबण चोळून बोटांच्या पेरांतलं ग्रीस काढत होता, तेव्हा ती त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. तीन दिवस तिच्या मनात एक साधा उपाय घोळत होता, हेडफोन उलटे घालायचे, डावीकडचं उजव्या कानात येईल. तिच्यानं तो करवला नव्हता. काही सापडलं तर काय, आणि नाही सापडलं तर खात्री कशी, अशा कात्रीत ती अडकली होती. कान तिचा होता आणि तो तिला आता परका साक्षीदार वाटत होता.

"अहो," ती म्हणाली, "एक काम कराल? नऊ गाणी आहेत. ऐका आणि डावीकडे काय काय वाजतं ते मला सांगा."

त्यानं वळून पाहिलं. टोमणा त्याच्या जिभेवर आलेला तिला दिसला. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला आणि तो टोमणा गिळून टाकला. हात पुसून खुर्ची ओढली. लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत बसावं तसा तो बसला, डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून, एक हात मांडीवर उताणा. तिनं त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. कुठल्या मजल्यावर लिफ्ट कुरकुरते ते तो तळमजल्यावरून सांगतो, असं त्याचे सोबती म्हणत, आणि ती त्याला शेखी समजत आली होती. पहिली तीन गाणी तो काही बोलला नाही. चौथ्याच्या मध्यावर त्याच्या कपाळावर आठी पडली. त्यानं हात वर केला.

"यात आहे काहीतरी. डावीकडे."

"काय आहे?"

"बारीक. डासापेक्षा बारीक. दुसरं कडवं सुरू झाल्यावर लागलंय ते शेवटपर्यंत थांबत नाही."

"वाद्य आहे?"

"वाद्यातलं मला काय कळतंय? पण कोरडी पडलेली वस्तू अशी वाजते. ह्याला तेल पाहिजे."

तिनं त्याच्या डोक्यावरून हेडफोन काढले आणि उलटे करून स्वतःला लावले. जागा ठाऊक झाल्यावर सापडायला वेळ लागला नाही. होता आवाज. केसासारखा, गाण्याच्या अगदी कडेनं ओढलेला. सोळा वेळा तिनं हे गाणं ऐकलं होतं, नऊ गाण्यांतलं हेच तिला सगळ्यांत प्रिय होतं, आणि सोळाही वेळा तो तिच्या शेजारून निघून गेला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याला वाटलं गाण्यानं आलं, म्हणून तो समजूतदारपणे गप्प बसला. मग म्हणाला, "त्या मुलीनं 'मी बरी आहे' म्हणण्याआधी श्वास घेऊन जो थांबा घेतलाय ना, तो मात्र जबरदस्त आहे. मला वाटलं, आता म्हणतच नाही." तिनं मान वर केली. ती ओळ अशी होती: 'तू विचारलंस म्हणून सांगते, मी बरी आहे.' 'सांगते' नंतर थोरली श्वास घेई, ढोल एक मात्रा थांबे, आणि मग ते तीन शब्द उशिरा, काठावरून पाऊल टाकावं तसे येत. त्या एका मात्रेसाठी तिनं हा अल्बम निवडला होता. हे तिनं त्याला सांगितलेलं नव्हतं.

पान लिहायला तिला दहा दिवस लागले. मोह मोठा होता. त्या बारीक आवाजाबद्दल चार वाक्यं ती झोपेतही लिहू शकली असती: धाकटीनं किती हळुवारपणे एक काळजीचा धागा ओढला आहे, 'बरी आहे' म्हणणारीच्या मागं न बरं असलेलं कसं सतत वाजत राहतं, वगैरे. वाक्यं इतकी सुबक जमत होती की तिचीच तिला शंका आली. शेवटी तिनं लिहिलं: 'चौथ्या गाण्यात दुसऱ्या कडव्यापासून डावीकडे एक फार बारीक आवाज आहे. मला तो ऐकू आला नव्हता. माझा डावा कान उंच आवाज ऐकत नाही, हे मला याच महिन्यात कळलं. हा आवाज माझ्या नवऱ्याला ऐकू आला. तो तिथं का आहे ते मला कळलेलं नाही, आणि कळल्याशिवाय मी त्याचं कौतुक करणार नाही. पण त्याच गाण्यात एका श्वासानंतर एक मात्रा रिकामी आहे. ती मला पहिल्या वेळेलाच ऐकू आली आणि तिच्यासाठी हा अल्बम तुम्ही ऐकावा, असं माझं सांगणं आहे. आजवरच्या पानांत मी कुणाच्या आवाजाला मऊ म्हटलं असेल, तर तो स्वतःच्या कानानं तपासून पाहा.' प्लास्टरवाल्यानं प्रती डब्यांत भरता भरता पान वाचलं. तिच्या उजवीकडे आला नाही, जिथं उभा असायचा तिथंच, डावीकडे, उभा राहून नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं म्हणाला, "हे पान भारी झालंय, ताई." तिला सोसवलं. मालकांनी मात्र पाइप बदलून घेतला, आणि महिन्याभरात सगळ्यांच्या कानांवर निळ्या रंगाची झाकणं आली.

प्रत्येक पानाची एक प्रत ती ज्याचा अल्बम त्याला पोस्टानं पाठवत असे. तेवीस वर्षांत एकोणीस उत्तरं आली होती. त्यांतली बरीचशी 'आभारी आहे' एवढीच. या वेळी पाकिटात दोन हस्ताक्षरांतलं पत्र आलं. वाचनालयाच्या वरच्या सभागृहात त्या दोघी शनिवारी दुपारी गाणार होत्या. 'आपण दोघांनी यावं, आणि येणारच असाल तर अर्धा तास आधी,' असं थोरलीनं लिहिलं होतं, आणि खाली धाकटीनं, वेगळ्या शाईत, 'काकांना नक्की आणा.' नवऱ्यानं पत्र दोनदा वाचलं आणि इस्त्रीचा शर्ट काढला.

सभागृहात चाळीस खुर्च्या मांडलेल्या होत्या. थोरली खिडकीपाशी पाणी पीत उभी होती, तिशीची, शिक्षिकेसारखी दिसणारी; आणि धाकटी जमिनीवर वायरींच्या गुंत्यात बसलेली, ती यांना पाहताच उठली आणि सरळ नवऱ्यापुढे येऊन उभी राहिली.

"काका, तुम्हाला काय वाटलं ते काय असेल?"

"पंखा," तो म्हणाला. "बेअरिंग कोरडं आहे त्याचं."

धाकटीनं कपाळावर हात मारला आणि बहिणीकडे वळून म्हणाली, "बघ. मी म्हणत होते, कुणीतरी पकडणार." मग दोघींनी एकमेकींचं वाक्य तोडत सांगितलं. कापडदुकानाच्या मागच्या गोदामात त्यांनी सगळं रेकॉर्डिंग केलं होतं. चौथं गाणं चालू असताना दुसऱ्या कडव्याला पलीकडच्या दुकानदारानं हवा ओढणारा पंखा लावला. गाणं वाया गेलं म्हणून पंखा बंद झाल्यावर त्यांनी ते आणखी सात वेळा गायलं, सातही वेळा स्वच्छ, पंख्याशिवाय. "पण तो श्वास पुन्हा आलाच नाही," थोरली म्हणाली. "मी घेत होते, पण तो घेतलेला वाटायचा. त्या एका वेळी मला खरंच पुढचे शब्द म्हणवेनात. आमची चार दिवस भांडणं झाली. ही म्हणे, पंखा लोकांना ऐकू येईल. मी म्हणे, श्वास ऐकू आला तर पंखा कोण ऐकतंय." ती थांबली. "तुमचं पान आलं ना, ते मी हिला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनदा."

गेल्या तीन महिन्यांत तिनं स्वतःच्या कानाची इतक्या वेळा उलटतपासणी घेतली होती, आणि इथं दोन पोरींनी तिच्यापुढे दोन पारडी धरली होती. एका बाजूला सगळा स्वच्छपणा, दुसऱ्या बाजूला एक श्वास. त्यांनी श्वास निवडला होता आणि तिनंही, एकमेकींना न विचारता, श्वासच निवडला होता. जे गेलं ते गेलंच होतं. ती रेघ खालीच राहणार होती, आणखीही उतरेल. पण त्या उताराच्या अलीकडे तिचा इलाखा होता, अकराव्या वर्षापासून कमावलेला, आणि तिथली ती मालकीण होती. शेजारी नवरा धाकटीला समजावत होता की असा पंखा खोलून कुठं दोन थेंब सोडायचे, आणि त्याची छाती इंचभर पुढं आलेली तिला दिसत होती. आपण पंख्यासाठी आणि तो श्वासासाठी इथं आला असता तरी चाललं असतं, असं वाटून तिला हसू आलं.

तीनच्या सुमारास छत्तीस माणसं जमली. तिनं मोजली, कारण एकोणीस येतील असा तिचा अंदाज होता. त्यांतल्या निदान पाच जणांच्या हातात तिचं पान होतं, आणि एका बाईच्या गालावर तर अजून सूज होती. थोरली गायली. चौथ्या गाण्याला 'सांगते' नंतर तिनं श्वास घेतला, आणि सभागृहातल्या सगळ्यांनीच तो घेतला असावा, कारण पुढचे तीन शब्द येईपर्यंत कुणाची खुर्चीसुद्धा वाजली नाही. ती तिसऱ्या रांगेत, डाव्या टोकाला बसली होती, उजवा कान गाण्याकडे करून. नवऱ्याचा हात तिच्या हाताला लागला, आणि तो त्यानं काढून घेतला नाही.

कार्यक्रम संपल्यावर लोक टेबलाभोवती घोटाळू लागले. खांद्याला पिशवी अडकवलेला एक तरुण तिच्या डावीकडून येऊन काहीतरी बोलला. तिला नुसती कुजबुज ऐकू आली.

"जरा या बाजूला या," ती म्हणाली. "त्या कानानं मला कमी ऐकू येतं."

तो वळसा घालून उजवीकडे आला. पेपरात संगीतावर लिहितो, म्हणाला. या अल्बमबद्दल आजच पहिल्यांदा कळलं. त्या दोघी म्हणाल्या की आधी या बाईंशी बोला. "आपण गाता का?"

"नाही."

"शिकवता?"

"छे. मी दात करते."

त्यानं वहीवरून मान वर केली. आजवर असा प्रश्न आला की ती 'काही नाही, आपली एक आवड' असं म्हणून बाजूला होत असे. तेच शब्द तयार होऊन आलेही होते. समोरच्या टेबलाशी गाल सुजलेली बाई अल्बमची मागची बाजू वाचत उभी होती, ओठ हलवत, एकेक गाण्याचं नाव.

"मी ऐकते," ती म्हणाली. "तेवीस वर्षं ऐकते आहे. लिहून घ्या. आणि बसा, उभ्यानं नाही व्हायचं हे. या अल्बममध्ये नऊ गाणी आहेत."